वही क्रमांक एकतीस

रविवार. रामबागेतल्या खोलीत पंखा दोनवर,
त्रेचाळीस वह्या, लाल पेन एकच, तेही गळकं.
सातवी ‘ब’ने जेवणानंतर वाळवंट खाल्लं आहे.
काहींनी वर चेरी ठेवून.
उंट मात्र गोड पदार्थातून चालत गेला,
तहानेने व्याकूळ, कस्टर्डमधून, तीन दिवस.

जूनपासून घसा कोरडा करून सांगते:
गोड आपण दोनदा मागतो, म्हणून एस दोन.
पटेरिया उठतो, बाह्या सरसावतो,
“मॅडम, सराफ्यात जिलबी तर तीनदा घेतो आम्ही.”
वर्ग हसतो. मीही.
वहीत त्याने खरंच तीन एस घातलेत.

आणि ते स्टेशनरी.
एक म्हणजे वह्या-पेन्सिली, दुसरं म्हणजे जागचं न हलणारं.
देवनागरीत लिहिलं तर भांडणच मिटतं,
स्टेशनरी, स्टेशनरी, जुळ्या बहिणी;
इंग्रजीत मात्र एकीला ए, एकीला ई, आणि अर्धा मार्क.
खजुरी बाजाराच्या तोंडाशी गेंदालालची हातगाडी आहे,
खोडरबर, कंपास, चमकीचे कागद,
चाकं चारही गंजलेली, एकाला धरून पिंपळाचं रोप.
तिला कुठलंही स्पेलिंग लावा, बरोबरच.

मी तरी कुठल्या तोंडाने हसू?
घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी,
सहा वर्षांची असताना ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचली
आणि बाबांचं बोट सोडून पळत सुटले.
वाटलं, एवढी मोठी इमारत, आत नुसत्या छड्या.
शेजारची मधुलता ओरडायची, “मौसी आई, मौसी आई!”
आणि मी दारात उभी, कोड्यात:
एक काय ते ठरव बाई.

वही एकतीस. लौकिक शिंत्रे. निबंध: माझे वडील.
पहिलंच वाक्य. त्याला लिहायचं होतं, बाबा शांत आहेत.
शेवटच्या दोन अक्षरांनी जागा बदलली, टी पुढे, ई मागे,
आणि झालं:
माझे बाबा अगदी.
पूर्णविराम.
अगदी काय रे?

मी त्यांना पाहिलंय, पालकसभेत.
मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन,
मांडीवर हेल्मेट, त्यावर दोन्ही हात.
मी बोलले सात मिनिटं. ते बोलले, “बरं.”
उठताना वाकले, बाकाच्या डगमगत्या पायाखाली
सभेच्या चिठ्ठीची घडी सारली,
हलवून पाहिलं, गेले.
तो बाक अजून डगमगत नाही.

दुसरं वाक्य. पिथमपूरचा कारखाना, आणि नोकरी.
‘गमावली’ लिहायला गेला, ओ एक जास्त पडला:
नोकरी ढिली झाली.
क्रियापदाचा काळही चुकलाय,
गेली, की जाते आहे, की जाणार, कळत नाही.
नियम मीच शिकवलाय. एक ओ हरवला की हरवणं.
पेनाला टोपण लावलं. काढलं.

पहिल्या वाक्यात बाण काढून टी आणि ई अदलाबदल केली,
अर्धा मार्क कापला. वार्षिकला पेपर तपासणारे
‘अगदी’ला काही देत नाहीत.
दुसऱ्यावर गळक्या पेनाचा ठिपका पडला,
ओवर पडला की शेजारी,
मी बघितलं नाही.

वही बत्तीस.
वाळवंट, वर व्हॅनिला.